हरण्यात वाकबगार

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी माझ्या आत्याइतकं सुंदर हरणारं माणूस सापडणार नाही. हरतात तसे सगळेच. पण कुणी चिडून हरतं, कुणी रडून हरतं, कुणी हरल्यावर डोकं दुखत होतं म्हणून गावभर सांगत फिरतं. आत्या बुद्धिबळात अशी हरायची, की समोरच्याला आपण फार हुशार आहोत असं मनापासून वाटावं. ही विद्या तिने एकाच माणसासाठी कमावली होती. ते म्हणजे तिचे सासरे, आबा.

आबा पलटणीतून हवालदार होऊन परतले ते भरघोस मिशा आणि बुद्धिबळाचा पट घेऊन. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी त्यांचं गाव. ऊस उत्तम, पण पटावर बसायला माणूस मिळेना. गावाला पत्ते आवडत आणि आबांच्या मते पत्ते म्हणजे जुगार. मुलगा, म्हणजे आत्याचे मालक, फौजेत. राहता राहिली सून, तर सून सासऱ्यासमोर बसणार कशी? रीतभात म्हणून काही आहे की नाही? तेव्हा दोघांनी रीत सांभाळून तोड काढली. आबा सोप्यात पट मांडून बसायचे आणि आत्या डोईवर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, एक डोळा पटावर आणि एक तव्यावर. तिथनंच ती चाल सांगायची, "मामंजी, माजा उंट तुमच्या घोड्याम्होरं ठिवा." आबा दोन्ही बाजूंची मोहरी स्वतःच हलवायचे. लग्न होऊन इतकी वर्षं खेळली, पण आत्याचं बोट कधी प्याद्याला लागलं नव्हतं.

आणि जिंकायचे अर्थातच आबा. त्यातही आत्याचं टायमिंग असं, की शेवटची भाकरी तव्यावरून उतरायला आणि तिचा राजा पडायला एकच गाठ. उसाला पाणी मिळालं नाही म्हणून आबा घुश्शात असले, की ती वजीर लवकर घालवून त्यांचा जीव शांत करायची. पाहुणे आले असले तर तोच पराभव चहा होईपर्यंत लांबवायची. मग आबा पाहुण्यांना समजावून सांगायचे, "बायकांचं डोकं वाईट नसतं. पर राजा संबाळंस्तवर दमतं." पाहुणेही माना डोलवायचे. त्यांना पटातलं ओ की ठो कळत नसे, पण बायकांच्या डोक्याबद्दल त्यांचा अभ्यास दांडगा होता.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात होते आणि थोडंफार खेळायचे. एका सुट्टीत मला दिसलं, की पुढच्याच चालीत आबांवर मात होते आहे, आणि आत्याने मात्र हत्ती भलत्याच घरात ठेवायला सांगितला. नंतर चुलीपाशी मी विचारलं, "आत्या, तुला मात दिसली नाही?"

"दिसली की. कालबी दिसली हुती," ती पीठ मळत म्हणाली. "मामंजींच्या तोंडावर मात म्हनू व्हय? आन् सांच्याला त्येनला वाढू कोन्त्या तोंडानं?"

माझं डोकं फिरलं. सांगलीला एका मंडळाने खुली स्पर्धा ठेवली होती, तिची बातमी मी मुद्दाम आबांपुढे काढली. वाटलं होतं रणकंदन होईल. पण आबांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांचे गुडघे गेलेले, स्वतः जाणं अशक्य. तेव्हा सुनेला ते वानगी म्हणून पाठवायला तयार झाले. "माज्याकडनं रोज हरनारी बाई तितं एक डाव जरी जिकली," ते म्हणाले, "तर सांगली आपल्या खिशात."

एसटीत आत्या खिडकीबाहेर बघत होती. पेठनाका मागे पडल्यावर म्हणाली, "मला जिकाया येतंय का न्हाई, माजं मलाच ठावं न्हाई गं. कवा जिकून बगितलंच न्हाई. न्हाईच आलं, तर मग मी इतकी वरसं मामंजींसाटनं हरत हुते, ह्ये तरी खरं का?"

याचं उत्तर सांगलीलाच मिळणार होतं.

सांगलीत आमचं स्वागत दणक्यात झालं. शाळेच्या त्या हॉलच्या दारातल्या गृहस्थांनी वर न बघताच सांगितलं, "डबे तिकडं खिडकीत ठेवा." खेळायला आलोय म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत्याच्या डोईवरच्या पदराकडे पाहिलं आणि चिटणिसांना बोलावलं. चिटणिसांनी आणखी दोघांना बोलावलं. खुली स्पर्धा किती खुली यावर बराच खल झाला. बायकांसाठी मुतारी नाही, हा सर्वांत भक्कम मुद्दा निघाला. मी म्हटलं, शेजारच्या घरच्या काकूंशी मी बोलून आले आहे. एवढी पूर्वतयारी बाईमाणूस करतं हे त्यांना अनपेक्षित होतं. शेवटी स्त्रीशक्तीबद्दल दोन शब्द बोलून चिटणिसांनी तिला खेळू दिलं आणि टेबल दिलं ते दाराशी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायला बरं.

पहिल्या डावाला आत्या खुर्चीच्या मागे उभीच राहिली आणि म्हणाली, "राजाम्होरचं प्यादं सरकवा." समोरच्याने बिचाऱ्याने सरकवलंही. पंच धावत आले. आपली मोहरी आपणच हलवायची, असा नियम त्यांनी सांगितला. आत्याने पदराला हात पुसले आणि दळणातला खडा उचलावा तसं दोन बोटांनी प्यादं उचललं. तो डाव ती हरली. समोर पिकल्या केसांचे मास्तर होते, आणि हात सवयीनेच वजीर घालवून बसला. मास्तर म्हणाले, "छान खेळलात हो, बायकांच्या मानाने."

दुसऱ्या डावाला कुपवाडच्या कारखान्यातला एक पोरगेला फिटर आला. सिगारेटचा धूर सोडत म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. लवकर उरकतो, तुम्हाला सैपाक असंल." उरकलं खरं लवकर. त्याची सिगारेट अर्धी व्हायच्या आत त्याच्या राजाला पळायला घर उरलं नव्हतं. तो पटाकडे बघत राहिला आणि आत्या आपल्या हाताकडे. मी बाहेर ओढून विचारलं, तर म्हणते, "दिराच्या वयाचा हुता. दिराला काय, कुनीबी हरवावं."

मग मला गणित उमगलं. पुढचे दोन दिवस मी डावांच्या जोड्या लावणाऱ्यांकडे खेळाडूची ताकद न विचारता वय विचारत होते. काळ्या केसांचा आला की आत्या त्याला चारी मुंड्या चीत करायची, पांढऱ्या केसांचा आला की नमस्कार घालावा तशी हरायची. बघ्यांनी यातून सिद्धांत काढला, की बायकांच्या खेळात सातत्य नसतं.

शेवटच्या डावाला समोर आले मिरजेचे एक वृद्ध गृहस्थ. पांढऱ्याशुभ्र मिशा, फेटा, हातात काठी. आत्याने पदर आणखी पुढे ओढला. मी मनात म्हटलं, संपलं. पण डाव रंगला, इतका की दाराशी गर्दी झाली. आणि मग माझ्यासारखीलाही दिसावी अशी मात समोर आली. प्यादं एक घर पुढे सरकवायचं, बस. आत्याचा हात प्याद्यावर गेला, थबकला आणि हत्तीकडे वळू लागला.

म्हातारबुवा अगदी हळू म्हणाले, "सूनबाई, मला बी दिसतंय ते. ते सोडून दुसरं खेळलात, तर ह्या वयात माजा अपमान हुईल."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने प्यादं सरकवलं. 'मात' हा शब्द काही तिच्या तोंडून फुटला नाही; तो त्या गृहस्थांनीच उच्चारला आणि काठी सावरत उठून तिला हात जोडले.

गावी परतलो तर आबा सोप्यात पट मांडून तयारच. सांगली खिशात आल्याची बातमी त्यांनी तिथल्या तिथे दोन शेजाऱ्यांना सांगितली. मी मिरजेच्या गृहस्थांबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्यो मिरजंचा डाव मांडून दाव." आत्या दारातून एकेक चाल सांगत गेली, आबा मोहरी हलवत गेले. अर्ध्यावर त्यांचा हात मंद झाला. शेवटचं प्यादं त्यांनी सरकवलं.

"आसं माज्यासंगं कवा खेळली न्हाईस," ते म्हणाले.

आत्या दाराआड सरकली.

"म्हंजी इतकी वरसं मी एकटाच खेळत हुतो म्हन की."

तसा एकाकी आवाज मी आबांचा कधी ऐकला नव्हता. मला स्वतःच्या शहाणपणाचा राग आला. ते आत गेले, रात्री जेवले नाहीत, आत्याही जेवली नाही. सकाळी उठून बघते तर पट मांडलेला आणि आबांची हाक, "ये पोरी. आन् आता माजी गय करू नगंस."

तिने केली नाही. आबा हरले, खवळले, पुन्हा मांडा म्हणाले, पुन्हा हरले. तोंडाने अखंड शिव्या चालू, पण त्या दिवसापासून त्यांना दुपारची झोप म्हणून लागेना. पुढच्या वर्षीचे साखर कारखाने पेटायच्या आत ते गेले. मी भेटायला गेले तेव्हा आत्या सोप्यात नुसतीच बसून होती. म्हणाली, "एका घरात ऱ्हायलो, त्येंच्या हाताखाली संसार केला. पर मामंजींची नि माजी वळख व्हायला लय उशीर झाला गं."