बर्फावर जाण्याआधी भाकरी

स्कीइंग हा श्रीमंतांचा खेळ आहे, असं जळगावात आम्हाला ज्याने त्याने सांगितलं. सांगणाऱ्यांपैकी एकानेही बर्फ पाहिलेला नव्हता. शेजारचे काका तर आईला म्हणाले, "वहिनी, डीप फ्रीजरचं दार उघडून उभ्या राहा, तेवढंच होईल."

आई हसली नाही. "मला बघायचा नाहीये बर्फ. मला त्याच्यावरून घसरायचंय. उभ्याने."

आई शाळेत खो-खो खेळायची. चांगली खेळायची. लग्नानंतर तिचं पळणं एसटी पकडण्यापुरतं उरलं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि डॉक्टर अजून काही म्हणाले नसले तरी ते म्हणण्याआधी तिला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट. त्यावर घरात महिनाभर काथ्याकूट झाला.

खर्चाचं काम माझ्याकडे आलं. मी पत्रकं लिहिते: भाडेवाढीविरुद्ध, पाणीपट्टीविरुद्ध, जिथे लूट दिसेल तिथे. पॅकेज नावाचा जो प्रकार विकतात तो मी उसवून पाहिला. उताराच्या तोंडाशी हॉटेल, नाश्ता त्यांचा, कोट-बूट त्यांच्याच ओळखीच्या दुकानातून, आणि प्रत्येक टाक्यात गाडीवाल्याचं कमिशन. सगळं कापलं. भुसावळहून दिल्लीपर्यंत स्लीपर, पुढे मनालीपर्यंत सरकारी बस. शनिवार-रविवार टाळायचे. कोट भाड्यानेसुद्धा घ्यायचा नाही. आत दोन स्वेटर, वर आपला पावसाळी रेनकोट. स्की आणि बूट तेवढे भाड्याने, तेही खालच्या गावातून, कारण वर उतारापाशी त्याच बुटांचा भाव तुमचा चेहरा बघून ठरतो. आणि राहायला त्याच गावातली एक खोली, स्वयंपाकघर वापरायच्या मुभेसकट.

ही मुभा आम्हाला भोवली.

पहूरची अक्का, म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण सोबत येणार होती. तिने आयुष्यभर यात्रांच्या बसेस नेल्या आहेत. शिधा बरोबर, भांडी बरोबर, पहाटे उठून स्वयंपाक, मग दर्शन. स्वयंपाकघर मिळतंय म्हटल्यावर तिने सूत्रं हातात घेतली. "हॉटेलमां खावाले पैसा काय झाडले लागतस?" कळण्याचं पीठ दळून आलं, ज्वारी आणि उडदाचं. तूरडाळ, शेंगदाणे, मिरच्यांचा ठेचा, केळीचे वेफर, तवा, परात. कुकर तेवढा जड म्हणून घरी राहिला.

म्हणजे आम्ही बर्फाची यात्रा काढली होती. जेवण बांधून झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही यात्रेची रीत. देव दिवसभर जागेवर असतो, त्यामुळे ती तिथे चालते. बर्फ वितळवणारं ऊन काही थांबत नाही.

पहिल्या दिवशी डाळ शिजेना. उंचावर पाणी उकळतं, पण डाळ दाण्यासारखी दाणा राहते, आणि कुकर जळगावात. आई पातेल्यापाशी, अक्का तव्यापाशी, नाना खिडकीपाशी मोबाइलवर ढगांचे फोटो काढत. मी गावात बुटांची घासाघीस करून परत आले तरी आईच्या हातात डावच. आम्ही उतारावर पोहोचलो तेव्हा बर्फाचा चिखल झाला होता आणि स्की शिकवणारी मंडळी सामान आवरत होती. दुसऱ्या दिवशी डाळ रात्रीच भिजत घातली. मग ठेचा संपला म्हणून शेंगदाणे भाजणं निघालं. उतारावर जाणारी बस गेली, आणि पुढच्या बसने पोहोचेपर्यंत शिकवणारे परतले होते. आईने काठावर उभं राहून बर्फ बघितला. नुसता बघितला! जे नको होतं नेमकं तेच.

मी फिरत राहिले त्या संध्याकाळी. खोलीत बसवेना. गावातून वर, वरून खाली. रस्त्यात स्की शिकवणारा एक तिथलाच माणूस भेटला. त्याच्याशी बोलताना कळलं की सकाळी लवकर उतार रिकामा असतो, पर्यटक नाश्ता करत असतात, त्या वेळी तो जवळजवळ निम्म्या पैशात शिकवतो. मी पळत खोलीवर आले. आमचा शेवटचा दिवस उरला होता. संध्याकाळी परतीची बस होती.

"सकाळी लवकर?" नाना म्हणाले. "मग स्वयंपाक?"

हा प्रश्न त्यांना पडतो. पडतो आणि ते तो आईकडे बघून विचारतात.

मी भडकले. म्हटलं, स्वस्तातलं शिकणंही सकाळी आणि स्वस्तातलं जेवणही सकाळी, आणि दोन्ही स्वस्ताई एकाच बाईच्या अंगावर! हॉटेलचे पैसे वाचले म्हणता, ते कुणी वाचवले? हिला पगार दिला का कुणी?

"आते भाषण नको दू," अक्का म्हणाली. "पोटमां काही नही, नि बरफवर कोठे चालनी ती? पडी जाई ना."

"भाकरी मी करते मग."

"तुनी भाकर ढोरंबी खातस नही."

नाना खो-खो हसले. मग आईला म्हणाले, "आणि या वयात हातपाय मोडले तर प्लास्टरचा खर्च कुठल्या बजेटात धरलाय?"

"तुम्ही मोटरसायकलवरून पडलात तेव्हा धरला होता का?" आई म्हणाली, आणि पांघरुणात शिरली.

सकाळी मी जागी झाले तेव्हा स्वयंपाकघरात दिवा होता. माझा जीवच गेला. आई परातीसमोर बसलेली, पीठ भिजवलेलं, पहिली भाकरी थापायला घेतलेली. मी दारात बूट घेऊन उभी. रात्री बोलून झालं होतं आणि त्याचा उपयोग शून्य झाला होता.

आईने भाकरी अर्धी थापली आणि थांबली. आमच्याकडे थापायला घेतलेली भाकरी कुणी अर्धी टाकत नाही. दारात पाहुणा आला तरी बाई आधी ती तव्यावर टाकते, मग उठते. आई उठली. परात उचलून तिने नानांच्या अंथरुणापाशी नेऊन ठेवली.

"घ्या. पुढची तुम्ही थापा."

"मी?" नाना उठून बसले. "मला कुठे येतं?"

"मला तरी स्कीइंग कुठे येतं?"

अक्काने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं, परातीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मला वाटलं आता कडाडणार. ती म्हणाली, "पानी लाव जरासं हातले. नहीतर चिकटी."

आम्ही निघालो.

उतार खरंच रिकामा होता. बूट चढवताना आईच्या बोटांवर वाळलेलं पीठ दिसत होतं, तसेच तिने हातमोजे घातले. तो माणूस सांगत होता, "माताजी, घुटने मोड़ो, आगे झुको." ती पडली. उठली. परत पडली आणि त्याला मराठीत काहीतरी बोलली जे मी लिहिणार नाही. मग तिने गुडघे मोडले, हात पुढे, नजर समोर. पाठीवर थाप पडायची वाट बघत खो-खोच्या रांगेत बसलेली पोरगी असते, तशी. आणि सुटली. लांब नाही, सरळही नाही. रेनकोट फडफडत होता. खाली पोहोचून ती उभी होती. उभी.

"पहले किया है क्या?" त्याने विचारलं.

"खो-खो," आई म्हणाली. त्याला काय कळलं कोण जाणे.

एवढ्यात गाड्या यायला लागल्या. नाश्ता करून लोक आले. तो माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, आता पुढचा तास पूर्ण भावाने. मी तोंड उघडलं, सवयच आहे, भाव करायला. आई धापा टाकत आमच्यापाशी आली होती, स्की हातात.

"किती म्हणतोय?"

मी सांगितलं. जास्त होते. मी तसं म्हटलंही.

"जेवणाचे वाचलेत ना? हॉटेलचे?"

"हो, पण ते परतीच्या..."

"ते माझे आहेत," आई म्हणाली. "दे त्याला."

मी दिले. रुपयाचीही घासाघीस न करता. आई वळून वर चालायला लागली होती. मी तिच्या चपला हातात धरून खाली उभी राहिले, पाय आपटत, थंडीने आणि कशाकशाने, आणि ती सुटायची वाट बघत.