बापूचं 'हर्ड हिम टीचिंग'

बापू गेल्याची बातमी घेऊन त्याचा गडी सकाळी दारात आला तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. "मास्तर, बापू गेले," तो म्हणाला. बापू मुंबईला मुलाकडे जायचा होता हे मला ठाऊक होतं, म्हणून तोंडातली राखुंडी थुंकून मी म्हटलं, "एवढ्यात? बोट तर दुपारी लागते. आणि मला न भेटता कसा गेला?" गडी बिचारा दोन पावलं मागे सरला. शेवटी ओटीवरून आमच्या हिनेच सांगितलं, "अहो, वारले म्हणतोय तो." जन्मभर पोरांना भाषा शिकवून आपल्याच भाषेतलं 'गेले' मला कळलं नाही. दीड महिना झाला, गडी अजून मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

बापू आणि मी रत्नागिरीच्या एकाच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. त्याचं इंग्रजी मुंबईच्या कॉलेजातलं, माझं चिपळूणला मामाच्या घरी खरकटी काढता काढता जमवलेलं. त्यामुळे बारकावे मी त्याच्याकडूनच शिकलो, आणि तेही मांडवीच्या धक्क्यावर बसून. आगबोट लांब खोल पाण्यात उभी असायची आणि उतारूंना घेऊन पडाव, म्हणजे धक्क्यावरच्या होड्या, तिच्याकडे निघायचे. बापू बोट रोखून म्हणायचा, "हे बघ वामन, पडाव इथून सुटल्यापासून तिथे टेकेपर्यंत सगळं पाहिलंस, तर 'आय सॉ इट क्रॉस'. मधेच नजर गेली नि मग तू शेंगा सोलायला लागलास, तर 'आय सॉ इट क्रॉसिंग'. पोचला का बुडाला, ते तुला ठाऊक नाही."

"मी तर नेहमी शेंगाच सोलतो."

"म्हणून तुझं सगळं आयुष्य आयएनजी."

पाहणं असो की ऐकणं, नियम तोच. आपल्या मराठीत 'जाताना पाहिलं' म्हटलं की दोन्हीकडे भागून जातं. पण हा भेद मला इतका आवडला, की मी घरी आमटीलासुद्धा तो लावून पाहायचो... आमटी उतू जाताना पाहिली, गेली की नाही माहीत नाही. ही माहीत करून द्यायची.

मग मॅट्रिकच्या वर्गाचे जुने मास्तर निवृत्त व्हायचे झाले. तो वर्ग आमच्या दोघांपैकी एकाला मिळणार होता, आणि मलाच मिळणार असं हेडमास्तर बोलून चुकले होते. मला तो हवा होता. इतका हवा होता की मी नवा कोट शिवायला टाकला. त्याच आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. मी इंग्रजी चौथीत हाच नियम शिकवत होतो. माझी पद्धत अशी की आधी चुकीचं वाक्य फळ्यावर मोठ्ठं लिहायचं, पोरांकडून ते घसा फाटेपर्यंत म्हणून घ्यायचं आणि मग डस्टरने त्याची उत्तरक्रिया करायची. पोरं त्या नको असलेल्या 'टु'सकट 'आय सॉ हिम टु क्रॉस' म्हणून कौलं उडवत असताना खिडकीत बापूची काळी टोपी दिसली. मी फळ्याकडे वळलो. पुन्हा पाहिलं तर खिडकी रिकामी होती.

संध्याकाळी साहेबांनी बापूला माझ्याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आय हर्ड हिम टीचिंग इट राँग." हे मला खुद्द हेडमास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. मॅट्रिकचा वर्ग बापूला गेला. मला खालचे वर्ग उरले, वर कवायतही. ज्यांनी माझं पोट पाहिलं आहे त्यांना यातली गंमत समजावून सांगायला नको.

मी बापूला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "मी 'टीचिंग' म्हणालो, वामन. 'टीच' म्हणालो नाही. व्हरांड्यातून जाता जाता जेवढं कानावर पडलं, तेवढंच सांगितलं. साहेबाला त्यातलं अंतर कळलं नाही, त्याला मी काय करू?"

नियम अगदी बरोबर होता. तिथेच माझी पंचाईत झाली. पुढली सगळी वर्षं मी त्या आयएनजीच्या आधारावर त्याच्याशी मैत्री ठेवली. मी मलेरियाने पडलो तेव्हा तो रोज येऊन बसायचा, त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंक्तीत तूप वाढलं. त्याने मधलंच ऐकलं, घाईत होता, पुढे निघून गेला... एवढं धरून ठेवलं की बाकीचं सगळं सोसता यायचं.

तेराव्यानंतर बापूच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचं फार कौतुक होतं हो त्यांना. तो तुमचा एक तास होता ना, चुकीचं वाक्य म्हणून घेतलंत तो? भिंतीआड उभं राहून घंटा होईपर्यंत ऐकला म्हणे. पोरांना हसवत हसवत शेवटी बरोबर ते कसं गळी उतरवलंत, कितीदा सांगायचे. 'मला नाही असं जमायचं,' म्हणायचे." आणि त्यांनी पदराने डोळे पुसले.

मी "हो का" म्हटलं. घंटा होईपर्यंत... म्हणजे तास त्याने सगळा ऐकला, आणि सांगताना नेमका मधला तुकडा कापून दिला, तोही व्याकरणाला धक्का न लावता. आता भांडायला तो नाही, आणि वहिनींनी तर बिचाऱ्यांनी माझं कौतुकच सांगितलं होतं.

घरी आलो. ही तांदूळ निवडत होती. तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण तिने सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्ही तेव्हा बरोबर शिकवत होतात?"

"मग!"

"नाही... मी आपली इतकी वर्षं धरून चालले होते, की बापूभावजींचंच खरं असणार."