पैठणच्या नावेचं इंजिन

इंजिनावर माझं पोट चाललं, पण जीव काही जडला नाही. लोकांना वाटतं, मेकॅनिक म्हणजे इंजिनाचा भक्त. छे! मला इंजिन आवडतं ते बंद असताना, थंड असताना आणि दुसऱ्याचं असताना. याला कारण एकच इंजिन, आणि तेही मीच आपल्या हातानं गळ्यात बांधून घेतलेलं.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. जायकवाडीचं धरण तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पैठणला गोदावरी ओलांडायची तर नाव, आणि नाव आमच्या घरची. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर लांब बांबू रेटून माणसं, शेरडं, धान्याची पोती या काठावरून त्या काठाला नेत आले. मी मात्र बांबूला कंटाळून औरंगाबादला पळालो आणि मोटार दुरुस्तीच्या एका कारखान्यात उस्तादांच्या हाताखाली लागलो.

एका उन्हाळ्यात आबांच्या जांघेत गोळा आला. मी त्यांना शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंतर्गळ आहे, थंडीत ऑपरेशन करू, तोवर जोर लावायचा नाही. आतडं अडकलं तर माणूस हाती लागणार नाही. आबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी बांबू धरला. न धरून करणार काय? घरात दुसरा पुरुष म्हणजे माझा काका, तोही एका डोळ्यानं अधू.

उस्तादांच्या आवारात मोडीत निघालेल्या एका लॉरीचं इंजिन पडून होतं. ते मी मागून घेतलं, सुट्टीच्या दिवशी खपून नीट केलं, बैलगाडीत घालून पैठणला नेलं आणि नावेत बसवलं. मागं पाण्यात पंखा, वर पेट्रोलची टाकी. पोळ्याच्या सुमारास नाव पहिल्यांदा बांबूवाचून पलीकडे गेली. आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. रिकाम्या हातांचं करायचं काय, ते त्यांना कळत नव्हतं. माय काठावर उभी राहून डोळे पुसत होती.

दसऱ्यापर्यंत इंजिन गुणानं चाललं. दसरा झाला आणि बिघडलं.

तिथून माझ्या नाकी नऊ आले. पैठणच्या मोटारीचा ड्रायव्हर कारखान्यासमोर हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "आबांनी सांगितलंय, बंद पडलं, ये!" की मी हातातलं काम टाकून त्याच मोटारीत बसायचो. धूळ खात जायचं, चितेगावला मोटार पाणी प्यायला थांबली की आपणही प्यायचं, पुन्हा धूळ खायची. उस्ताद डोक्याला हात लावायचे. "क्या रे, तेरे बगैर नई चलता क्या वो?"

तक्रार दर वेळी तीच. काठावरून निघताना इंजिन ठीक. मग रेस कमी केली की भकभक करत अडखळतं, वाढवावी तर दम धरत नाही, खोकतं आणि ऐन मधोमध जाऊन मरतं. थोड्या वेळानं पुन्हा चालू होतं, पुन्हा मरतं. आणि ते मेलं की आबा बांबू उचलतात. बाकीचं मला सगळं चाललं असतं, पण आबांनी बांबू उचललेला चालत नव्हता.

मी पहिल्या खेपेला प्लग काढले, काजळी खरवडली. पुढच्या खेपेला पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून सगळी टाकी उपसून पेट्रोल गाळून घेतलं. मग कार्बोरेटर उघडला, त्याची बारीक भोकं तोंडानं फुंकली. तोंडाची पेट्रोलची चव जेवणातही जात नव्हती. ठिणगी पाहिली, नळी बदलली. कामाला हात घालण्याआधी टाकीचं झाकण काढायचं, काठी बुडवून पेट्रोल पाहायचं आणि झाकण फडक्यानं लख्ख पुसून परत लावायचं, हा उस्तादांनी लावलेला नेम. तो मी कधी चुकवला नाही. आणि दर वेळी, मी काहीही केलं तरी, इंजिन चालू व्हायचं आणि दिवसभर मुकाट चालायचं. मी औरंगाबादला पोचतो न पोचतो तोच निरोप यायचा.

गावाला ही करमणूकच झाली. काका म्हणायचा, "त्याला तुझीच सवय लागली. मास्तर दिसला की पोरं गप बसत्यात, तसं हाय ते. इथंच ऱ्हाय तू." मी चिडायचो, पण चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

माय मात्र कधी काही बोलली नाही. खंडेनवमीला आमच्यात बांबू, वल्ही, जाळी पुजतात. त्या वर्षी तिनं इंजिनही पुजलं होतं. पुढं तिनं रोजच पूजा चालवली. पहिल्या खेपेआधी ताट घेऊन नावेत चढायची, हळद-कुंकू, शेंदूर, फूल वाहायची. इंजिन बंद पडू लागलं तशी तिची पूजा लांबत गेली. मला म्हणायची, "तू लोखंडाचं बघ, देवाचं मी बघते. ह्यांच्या हातात पुन्यांदा बांबू नको मला."

दिवाळी तोंडावर आली. पलीकडे दिलेल्या लेकी माहेरी यायच्या, खेपा वाढायच्या. पुन्हा हॉर्न वाजला. निघताना उस्ताद म्हणाले, "इस बार हात मत लगा. बैठ, और देख." मी संध्याकाळी पोचलो. कशालाही हात न लावता भाकरी खाऊन झोपलो आणि सकाळच्या पहिल्या खेपेला उतारू बसतात तसा नावेत जाऊन बसलो.

आबांनी इंजिन चालू केलं. नाव भरलेली. एक धनगर आपली शेरडं घेऊन माझ्या पायाशी बसला होता. काठ सुटला आणि थोड्याच वेळात ती भकभक मी पहिल्यांदा आपल्या कानांनी ऐकली. आबांनी रेस दिली. इंजिन खोकलं, नावेला एक हिसका दिला आणि गप्प झालं. धारेनं नाव खाली ओढायला सुरुवात केली. मी उठेपर्यंत आबांनी बांबू पाण्यात टाकला होता. एक रेटा दिला, दुसरा दिला, आणि ते कमरेत वाकले. एक हात बांबूवर, एक जांघेवर. चेहरा राखेसारखा झाला. शेरडं ओरडत होती. काका दुसऱ्या टोकाला बांबू रेटत ओरडत होता. मी इतका घाबरलो की काय तपासावं तेच सुचेना. सवयीनं हात टाकीकडे गेला आणि मी झाकण फिरवलं.

सूं करून टाकीनं श्वास घेतला.

तो आवाज मी आजही विसरलेलो नाही. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी त्या भोकातून हवा आत यावी लागते. नाही आली तर पेट्रोल वरच अडकतं आणि इंजिन उपाशी मरतं. मी झाकण हातात घेऊन पाहिलं. भोक दिसतच नव्हतं. त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा ताजा, जाड टिळा होता. झाकण म्हणजे इंजिनाचं कपाळ, असं मायनं धरलं असणार. ती रोज सकाळी भोक बुजवत होती आणि मी आलो की तेलकट मळ समजून फडक्यानं मोकळं करत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं मी इतके दिवस करत आलो होतो.

"काटा हाय का कुनाकडं?" मी ओरडलो. धनगरानं पटक्यातून बाभळीचा काटा काढून दिला. भोक मोकळं केलं, झाकण लावलं, हँडल मारलं. इंजिन लागलं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत एकदाही अडखळलं नाही.

उतारू उतरून गेले. आबा घाम पुसत फळीवर बसले होते. त्यांनी माझ्या नखातला शेंदूर पाहिला, मग झाकण पाहिलं.

"तुज्या मायला सांगू नगं," ते म्हणाले.

"आबा, नाही सांगितलं तर ती उद्या पुन्हा लावील."

"लावू दे. ती घरला गेली की मी काटा घालीन. माज्यासाठी करती ती. तिच्याच हातानं मला दुखलं, हे तिला कळलं तर पुन्यांदा जेवन जानार नाय तिला."

काटा त्यांनी आपल्या मुंडाशात खोचला. त्या दिवसापासून हॉर्न वाजायचा बंद झाला.

पौषात आबांचं ऑपरेशन झालं. टाके ओले होते. डॉक्टरांनी कुशीवरही वळायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी त्यांच्या उशाशी बसून होतो. शुद्ध आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर, "नाव कोन चालवतंय?" काका, मी म्हणालो. "अन् काटा?" काट्याचं काकाला सांगायची सोय नव्हती, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. आबा उठून बसू लागले. त्यांना धरून निजवलं तर म्हणतात, तू जात नाहीस तर मी जातो. जागरणानं माझे डोळे चुरचुरत होते. पण टाके तुटण्यापेक्षा पैठण बरं, म्हणून शेजारच्या खाटेवाल्याच्या भावाला लक्ष ठेवायला सांगून मी पहिली मोटार धरली.

थंडीत पहिली खेप मोटारीची माणसं पोचल्यावरच निघायची. मी धावत काठावर आलो तेव्हा माय नावेत पूजा करत होती. तिची माझ्याकडे पाठ. तिनं अंगठ्यानं झाकणावर शेंदूर लावला, फूल वाहिलं, हात जोडले. मग इकडं-तिकडं पाहिलं, अंबाड्यातून बाभळीचा काटा उपसला, झाकणाचं भोक मोकळं केलं आणि त्यावर फुंकर मारली.

वळली तेव्हा मी समोर.

"तुला ठाऊक हाय, माय?"

"दिवाळीपासून. एक दिवस तांब्या इसरले म्हनून माघारी आले, तर हे काटा घालत व्हते."

"मग शेंदूर लावायचं थांबली कामून नाहीस?"

"थांबले तर त्यांना कळंल ना, मला कळलं ते." तिनं काटा परत अंबाड्यात खोचला. "माज्यापायी लपवत्यात ते. लपवू दे. तू बोलू नगंस काई."

नाव माणसांनी भरून निघाली. मी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि परतीच्या मोटारीत बसलो. चितेगाव येईपर्यंत मी रडत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं तर धूळ गेली म्हणून सांगितलं.

दवाखान्यात आबा दाराकडे डोळे लावून पडले होते.

"घातला काटा?"

"घातला."

"तिनं बगितलं नाय न्हवं?"

"नाय, आबा."

मग त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या खाटेखाली सतरंजी पसरून आडवा झालो.