कैरीवरचा दगड

मंदाताई नेरुरकरांना राग आला की त्या समोरच्याला चहा विचारत. हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि तोवर त्यांच्या लालबागच्या खोलीत मी कितीतरी चहा मजेत प्यायले होते. गॅलरीत वाळत घातलेल्या त्यांच्या साडीवर शेजारच्या बाईने ओली चादर टाकली, की मंदाताई दारात येऊन म्हणणार, "चहा घेऊन जा गो." बाई खूश, चादर तिथेच. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने एका चांगल्या नळाचीही वाट लावली. त्याला चहाबरोबर खारी बिस्किटं मिळाली, म्हणजे त्या दिवशी राग फारच आला असावा. चहा होईपर्यंत त्या पातेल्याकडे बघत उभ्या राहत. उतू जाणार असं वाटलं की गॅस बारीक करत. त्यांच्याकडे चहा उतू गेलेला मी कधीच पाहिला नाही.

आमची ओळख झाली ती ठाकूरद्वारच्या एका जुन्या वाचनालयाच्या माडीवर. तिथे शनिवारी दुपारी आम्ही काही हौशी मंडळी कविता वाचायला जमतो. मी लोअर परळच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मारून जायची. पहिल्याच शनिवारी मी रागावर लिहिलेली कविता वाचली. तिच्यात राखेखालचा निखारा होता. कविता संपल्यावर कोपऱ्यातल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाईंनी मला विचारलं, "तुझ्या घरी चूल आहे?"

मी म्हटलं, "नाही, गॅस आहे. दादरला फ्लॅटमध्ये चूल कुठली?"

"मग हा निखारा कुणाकडून उसना आणलास?"

सगळे हसले. मी मनातून चांगलीच फुगले होते. पण बाई जिना उतरताना माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "राग खरा आहे गो तुझा. वस्तू दुसऱ्याची आहे. घरातली घे." पुढच्या शनिवारी मी घरातली वस्तू घेऊन गेले आणि आमचं जमलं. त्यांची कवितेची कसोटी एकच होती. कुणी कविता वाचली की त्या डोळे मिटून ऐकत आणि शेवटी म्हणत, "वास आला," नाहीतर, "वास नाही आला." त्यांचं म्हणणं असं की कविता झाकलेल्या पातेल्यासारखी हवी. आत काय शिजतंय ते दिसू नये, पण वास दारापर्यंत यायला हवा.

मंदाताईंचं आयुष्य सांगायला चार वाक्यं पुरतात, आणि ती चार वाक्यं त्यांचा भाऊ श्रीधरराव प्रत्येक समारंभात सांगत. आई गेली तेव्हा मंदाताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होत्या आणि श्रीधर शाळेत, अगदीच लहान. वडील गिरणीत पाळीवर. घरात रांधायला कुणी नाही म्हणून वडिलांनी त्यांचं कॉलेज सोडवलं. पुढे श्रीधर इंजिनिअर झाले, मंदाताई परळच्या एका शाळेच्या कचेरीत चिकटल्या, लग्नाचं राहूनच गेलं. "आमच्या ताईने त्याग केला, पण कपाळावर कधी आठी नाही," असं श्रीधरराव म्हणत आणि ते म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येई. माणूस वाईट नव्हता. दर पंधरवड्याला बहिणीकडे यायचा, फळं आणायचा, पंखा गरगरतो का बघायचा. फक्त 'त्याग' हा शब्द त्याच्या तोंडून सुटला की मंदाताई उठून चहाचं पातेलं घ्यायच्या.

मला हे त्यांनी स्वतःहून एकदाच सांगितलं. "त्याग म्हणजे आपण होऊन दिलेलं. माझ्याकडून काढून घेतलं. बाबांनी घेतलं, ते गेले. आता उरला हा, आणि तो तेव्हा एवढासा होता. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?" मी म्हटलं, आता तर मोठे झालेत, आता सांगा की. त्या खिडकीच्या गजांना धरून बसल्या. मग म्हणाल्या, "बोलले आणि तो यायचा बंद झाला, तर? माझ्याकडे येणारं दुसरं कोण आहे?"  शनिवारी कविता झाल्यावर मी येत होते, पण मी काही भाऊ नव्हते.

त्यांच्या खोलीत ओट्याखाली चिनी मातीची एक उंच बरणी होती. गावाहून कुणाबरोबर तरी रायवळ कैऱ्या आल्या की मंदाताई त्या मिठाच्या पाण्यात घालत. पावसाळाभर पेजेबरोबर खायला खारातली कैरी, आणि त्यातल्या निम्म्या श्रीधररावांच्या घरी. बरणीत कैऱ्यांवर एक गुळगुळीत काळा दगड ठेवलेला असे. कैरी पाण्यात तरंगते. वर आली की तिला हवा लागते, बुरशी धरते आणि मग सगळी बरणी जाते. म्हणून दगड. तो गावच्या व्हाळातला, म्हणजे ओढ्यातला. आई गेल्यानंतरच्या मे महिन्यात मंदाताईंनी पहिल्यांदा एकटीने कैऱ्या घातल्या, तेव्हा छोट्या श्रीधरने पाण्यात उतरून तो शोधून आणला होता. तेव्हापासून तोच दगड धुऊन, पुसून, उन्हात वाळवून परत बरणीत जायचा.

या दगडावर त्यांनी कविता लिहिली. शनिवारी ती माडीवर वाचली. तिचा शेवट मला पाठ आहे:

"कैरी वर यायला बघते, म्हणून वर दगड.
दगड आणला तो हात लहान होता,
त्याला काय ठाऊक, खाली काय आहे.
वर आली तर कुजेल, म्हणतात.
खाली राहिली तर टिकेल, म्हणतात.
पिकेल का, ते कोणी विचारत नाही."

अख्ख्या कवितेत राग हा शब्द नाही. आमचे देवधर सर निवृत्त प्राध्यापक, त्यांना प्रतीक दिसलं की ते मांजर दूध बघतं तसे बघतात. त्यांनी लगेच बरणी म्हणजे घर, दगड म्हणजे रूढी, खारं पाणी म्हणजे स्त्रीचे अश्रू असं मांडून टाकलं. मंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, मिठाचं पाणी ते मिठाचं पाणी. अश्रूंत कैऱ्या टिकत नाहीत, घालून बघा," त्या म्हणाल्या. सर हसले, पण हट्ट सोडेनात. दगडाचा काहीतरी अर्थ असेलच की, असं म्हणत राहिले. तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "आहे. पण एकच नाही. तो दाबतो हे खरं, आणि तो एका पोराने व्हाळाच्या पाण्यात चाचपडत माझ्यासाठी आणला, हेही खरं. त्यातलं एक काढलंत तर माझ्या हातात नुसता धोंडा उरतो." मग देवधर सरांनीच ती कविता वार्षिक कार्यक्रमात घ्यायचं ठरवलं.

त्या कार्यक्रमाला मंदाताईंनी श्रीधररावांना बोलावलं. आजवर कधी बोलावलं नव्हतं. इरकली साडी नेसून आल्या होत्या. जिना चढताना माझा दंड धरून म्हणाल्या, "तोंडाने मला जमायचं नाही. आज त्याला वास आला पाहिजे."  श्रीधरराव पहिल्या रांगेत बसले होते. कविता सुरू झाली आणि मी सगळा वेळ त्यांचाच चेहरा बघत होते. दगडाच्या ओळीला ते दचकले. लहान हाताच्या ओळीला त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, पोचलं.

टाळ्या थांबायच्या आत ते उठून पुढे गेले. "ताय, माझा दगड! अजून लक्षात ठेवलास तू!" मग वळून सगळ्यांना सांगू लागले, चड्डी कशी भिजली, वडिलांनी कसा धपाटा घातला, आणि ताईच्या हातच्या कैरीची चव अख्ख्या मुंबईत कुठे नाही. शेवटी त्याग आलाच. कपाळावरची आठीही आली. मंदाताई हातात कागद धरून उभ्या होत्या. भावाचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "खाली चहा ठेवलाय. घेशील ना?"

परतताना आम्ही दोघी बसस्टॉपवर बसलो. माझा संताप मावत नव्हता. एवढा शिकलेला माणूस, कळू नये त्याला? मंदाताई नेहमी माझ्याशी नीट शहरी बोलत, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून मालवणी निघालं. "त्येका वास येवक नाय गो." थोड्या वेळाने म्हणाल्या, चूक आपलीच होती, कविता फार मुरवली. लोणचं छान मुरलं की लोक बोटं चाटतात, भांडत नाहीत. दोन बस गेल्या, पण त्या उठल्या नाहीत.

पुढे कहर झाला. श्रीधररावांनी ती कविता सुंदर अक्षरात लिहून घेतली, फ्रेम केली आणि आपल्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावली. भाऊबीजेला मंदाताई ओवाळायला गेल्या तेव्हा त्यांना ती दाखवण्यात आली. स्वतःवरचा राग त्या माणसाने कौतुकाने भिंतीवर टांगला होता आणि त्याखाली बसून तो करंज्या खात होता. त्या दिवशी मंदाताईंनी परक्या स्वयंपाकघरात शिरून, भावाच्या सुनेला बाजूला सारून, सगळ्या घरासाठी चहा केला. हे मला सांगताना त्या हसत होत्या. मला त्यांच्याजवळ बसवेना आणि उठवेना.

गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. ताप आला, अंगावर काढला, शेजाऱ्यांनी इस्पितळात नेलं, चौथ्या दिवशी संपलं. शेवटी भाऊ जवळ होता. त्यांनी त्याला काही सांगितलं असेल का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. विचारायचा धीर झाला नाही. माडीवर त्यांचा कोपरा रिकामा राहिला. कविता वाचून झाली की अजूनही आम्ही सगळे नकळत तिकडे बघतो.

महिनाभराने श्रीधररावांचा फोन आला. खोली रिकामी करतोय, ताईची पुस्तकं वाचनालयाला न्या, म्हणाले. मी संध्याकाळी लालबागला गेले. दार उघडताच आंबूस, कुजका दर्प नाकात शिरला. ओट्याखालची बरणी त्यांनी खोलीच्या मध्यावर आणून ठेवली होती आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसले होते.

"बघा ना, काय झालं," ते म्हणाले. "ताईने घातलेली शेवटची बरणी. पुरवून पुरवून खाणार होतो."

आत कैऱ्या वर आल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरी बुरशी पसरली होती. दगड कुठे आहे, मी विचारलं. आठवड्यापूर्वी आवराआवर करताना काढला, म्हणाले. कैऱ्या काढायला अडचण व्हायची, आणि आता ताई नाही, तर दगड कशाला. भंगाराच्या गोणीत गेला.  माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण ते एकदम थांबले. मग बरणीकडे बघत हळूहळू म्हणायला लागले, "वर आली तर कुजेल, म्हणतात. खाली राहिली तर टिकेल, म्हणतात." रोज सोफ्यावर बसताना दिसणारी कविता, त्यांना ती पाठच होती. शेवटच्या ओळीशी आले आणि ती त्यांच्याच्याने पुरी होईना.

"ताई माझ्यावर रागावली होती?"

मी हो म्हणून मान हलवली.

"पण मी आलो की किती करायची माझं. एक चहा संपला की दुसरा. आमच्याकडे तर म्हण पडली होती, ताईसारखं आगतस्वागत कुणाचं नाही."

मग मी त्यांना चहाचं सांगितलं. साडीवरच्या चादरीचं, नळवाल्याच्या खारी बिस्किटांचं, कार्यक्रमानंतरच्या चहाचं, भाऊबीजेचं. ते ऐकत होते आणि बोटाने बरणीची कड पुसत होते. सांगून झाल्यावर मला त्यांची दया आली, म्हणून म्हटलं, "तुम्ही लहान होता हो तेव्हा. म्हणून त्या बोलल्या नाहीत."

"कधीपर्यंत?" ते म्हणाले. "नातवंडं झाली मला. कधीपर्यंत लहान होतो मी? एकदा ओरडली असती. मी काय पळून गेलो असतो?"

मला मंदाताईंचा खिडकीतला प्रश्न आठवला. तो त्यांनी या माणसाला विचारायला हवा होता आणि त्याचं उत्तर आता इथे, रिकाम्या खोलीत, माझ्यासमोर पडलं होतं. मला दोघांचाही राग आला. तिचा, न बोलल्याबद्दल. याचा, न कळल्याबद्दल, आणि तो दगड फेकल्याबद्दल तर फारच. मी उठले, ओट्यावरचं पातेलं घेतलं, पाणी ओतलं आणि गॅस पेटवला.

"चहा नको," श्रीधरराव मागून म्हणाले. "काय बोलायचंय ते बोला."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यासमोर येऊन बसले.