उकंडा मूनचा उजवा गुडघा

उकंडा मून तसा सरळ माणूस. दारू नाही, जुगार नाही, कोळसा कंपनीत सगळी नोकरी काढली पण कधी कोणाशी तंटा नाही. खोटं बोलायचा तो एकाच गोष्टीत, आपल्याला कुठं दुखतंय त्या बाबतीत. त्यात मात्र त्याचा हात धरणारा माणूस अख्ख्या राजुरात नव्हता.

ही विद्या त्याला कबड्डीनं दिली. कोळसा कंपनीनं त्याला कामावर घेतलं तेच मुळी खेळायला. हजेरी लावायची आणि मैदानात जायचं. कंपनीच्या संघातून चढाया करायच्या, आणि हंगाम आला की गावोगावच्या स्पर्धांत जे गाव बोलावेल त्याच्याकडून उतरायचं. खेळ हेच त्याचं पोट. एकदा दारव्ह्याच्या मैदानात, मुरुमावर, त्याचा उजवा गुडघा असा पिळला गेला की आत काहीतरी तुटल्याचा आवाज त्याचा त्यालाच आला. झालं! गुडघा गेला हे कळलं की संघातून नाव कटणार, आणि नाव कटलं की थेट खाणीत कामाला. मग या पठ्ठ्यानं काय करावं? पुढच्या सामन्याला डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून उतरला. म्हणजे चांगल्या गुडघ्याला! लंगडायचा तोही डाव्याच पायानं. समोरचे गडी खूश. डावा धरा रे, डावा कच्चा आहे! ते डाव्यावर तुटून पडत आणि हा धडधाकट डावा पाय झटकून रेषेपार. लोक शिट्ट्या मारत.

पंचफुला तेव्हा नवी नवरी. बायांच्या घोळक्यात उभी राहून ती पदर तोंडात धरून हसायची, कारण हे गुपित तिला एकटीला माहीत होतं. लग्न झाल्यावर त्यानं तिला सांगितलं होतं, आणि कोणाला सांगू नको म्हणून शपथही घातली होती. तिनं शपथ पाळली. नवऱ्यानं आपल्याला आपलं मानलं याचा तिला भारी अभिमान होता.

पण हंगामामागून हंगाम लोक एकाच पायावर तुटून पडले तर तो पाय तरी किती टिकणार? उजवा आधीच गेलेला, डावा लोकांनी पकडून पकडून घालवला. निवृत्तीपर्यंत दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजून हाडावर हाड घासायला लागलं. विहारात वंदनेला सगळे खाली बसत, उकंडासाठी मागच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची मांडली जाई. तेही त्यानं सोसलं. सोसवलं नाही ते एकच. सहा फुटाचा गडी, आणि संडासला जायचं तर बायकोच्या खांद्यावर हात ठेवून जायचं आणि उठायचं झालं की आतून हाक मारायची. पंचफुला दाराबाहेर पाठ करून उभी राहायची. पण त्याची मान अशी खाली जायची की तिलाच कसंतरी व्हायचं.

म्हणून ऑपरेशन. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, दोन्ही बदलावे लागतील. आधी उजवा. तो नीट भरला की तीन महिन्यांनी डावा. उकंडानं दुसरं काही ऐकलंच नाही. दोन्ही गुडघे झाले की मी माझा जाईन, माझा येईन, तुले कायले तरास, एवढंच तो पंचफुलेला घोळून घोळून सांगत राहिला.

उजव्याचं ऑपरेशन छान झालं. टाके निघाले तेव्हा जखम कोरडी होती. उकंडा वॉकर घेऊन अंगणात चालायला लागला. गल्लीतले लोक पाहायला आले, वणीहून लेक उर्वशी पेढे घेऊन आली. पंचफुलेनं आपल्या मनाशी म्हटलं, चला बाई, सुटलो.

मग डावा कुरकुरायला लागला.

‘हा डावा लई तरास देऊन राह्यला वं,’ उकंडा म्हणायचा. ‘सारा भार याच्यावर येते ना.’

पटण्यासारखंच होतं. पंचफुला रोज संध्याकाळी तेल कोमट करायची, त्याचा डावा पाय मांडीवर घ्यायची आणि हात दुखेपर्यंत चोळायची. उजवा पाय पायजम्यात झाकलेला, बाजूला. त्याला हात लावायचा नाही, डॉक्टरनं नाही म्हटलं आहे, असं तोच सांगायचा. दवाखान्यातल्या पोरीचा फोन यायचा, काका, दुखतं का, ताप वगैरे? ‘एकदम फिट, मॅडम!’ आवाज असा खणखणीत की शेजारच्या नंदाबाईला ऐकू जावा.

आणखी एक नवल झालं. ज्या माणसानं जन्मात आपला रुमाल धुतला नाही, तो पहाटे उठून न्हाणीत बसून स्वतःचा पायजमा धुवायला लागला. वाळतही स्वतःच घालायचा. पंचफुलेला कोण कौतुक!

‘बाई, आमचे हे आता कपडे सोताच धुतात,’ तिनं नंदाबाईला सांगितलं. ‘ऑपरेशनपासून लई बदलले.’

‘नशीब काढलं वं तुनं,’ नंदाबाई म्हणाली.

अहो, कसलं नशीब! एका सकाळी न्हाणीत बादली आदळल्याचा आवाज आला. पंचफुला धावली. उकंडा भिंतीला टेकून बसला होता, अंग तव्यासारखं तापलेलं, दात वाजत होते. पायजमा भिजलेला म्हणून तिनं तो वर सरकवला, आणि तो कुजका वास आला. उजवा गुडघा लाल, फुगून भोपळा. टाक्यांच्या रेघेच्या खालच्या टोकातून पू येत होता. वर एक चिंधी गुंडाळलेली, तीही माखलेली.

‘हे कधीपासून?’

‘काई नाई, थोडंसं...’ उकंडा म्हणाला, आणि त्याही अवस्थेत त्यानं हात नेला तो डाव्या गुडघ्यावर.

नागपूरला नेलं. डॉक्टर संतापले, आणि त्यांचं काय चुकलं? पहिल्या चार दिवसांत आणलं असतं तर आतून धुऊन सांधा वाचवता आला असता, म्हणाले. आता बसवलेलं सगळं काढावं लागेल. डाव्याचं आता विसरा.

उर्वशी औषधं आणायला खाली गेली. वॉर्डात पलंगाशी पंचफुला एकटी राहिली. उकंडा छताकडे पाहत होता.

‘काहून नाई सांगतलं?’ तिनं विचारलं.

तो छताकडेच पाहत म्हणाला, ‘सांगतलं असतं तर डॉक्टरनं डाव्याचं नाव कापलं असतं. मले वाटलं, काढून नेतो तीन महिने. खेळतानी नाई का काढत होतो?’

‘डॉक्टरले नका सांगू. मले?’

‘तू सांगून देली असती.’

पंचफुला उभी राहिली. आयुष्यात ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. त्या दिवशी अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या.

‘रोज चोळत होती मी, रोज! चांगला पाय माह्या मांडीवर देऊन सडका लपवून ठेवला तुमी. त्या पट्टीवर तुमच्या संगं हासत होती ना मी? त्या लोकायले फसवलं, ठीक हाये, ते तुमाले पाडाले आलते. मी कोण होती? मी सामनेच्या टीमची होती काय वो?’

उकंडानं तोंड भिंतीकडे केलं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा ती खाली बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग ओसरला नव्हता, पण हात ठेवला.

सांधा काढला. महिनाभर सलाइनमधून औषधं चालली, पुन्हा उघडलं, पुन्हा पू. शेवटी डॉक्टरांनी वरचं हाड आणि खालचं हाड सरळ रेषेत जोडूनच टाकलं. तो गुडघा आता कधी वाकणार नाही. उकंडा दारात खुर्चीवर बसतो आणि समोर स्टुलावर तो पाय काठीसारखा ताठ. एसटीच्या बाकावर तो मावत नाही, रिक्षातून पाय बाहेर राहतो. संडासला पंचफुलेच्या खांद्यावर हात ठेवूनच जातो, आणि आता तिला बाहेर पाठ करून उभं राहता येत नाही, आत जाऊन पाय धरावा लागतो.

एक मात्र झालं. त्या दिवसापासून उकंडा तिच्याशी खोटं बोलत नाही. तिनं विचारलं की सांगतो, न विचारता सांगतो. सकाळी ती चहा ठेवताना, ‘पंचफुला, दुखते वं.’ जेवताना, ‘आज लई ठणकून राह्यला.’ कुठं, किती, कसं, सगळं सांगतो. लहान लेकरू आईला सांगतं तसं, तिच्या तोंडाकडे पाहत सांगतो. हे दुखणं जन्माचं आहे, यावर आता गोळीपलीकडे इलाज नाही, हे डॉक्टरांनी पंचफुलेला बाजूला घेऊन कधीच सांगितलं आहे. ते तिनं उकंडाला अजून सांगितलेलं नाही.

परवा संध्याकाळी ती दिवा लावून आली आणि त्याच्याजवळ बसली.

‘कसं हाये?’

‘उजव्यात वरून खालपर्यंत आग होऊन राह्यली,’ तो म्हणाला. ‘हे कमी होईन ना वं?’

‘होईन ना,’ पंचफुला म्हणाली. ‘डॉक्टर म्हणे, हळूहळू होते कमी.’

त्यानं मान हलवली. त्याला पटलं होतं.