राबाखालची माती

राब भाजण्यात माझ्या आईचा हात गावात कोणी धरणार नाही. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत यांचे थर लावायचे, वर माती भुरभुरायची आणि पेटवायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. आमच्या मुरबाडकडे उन्हाळ्यात हे घरोघर चालतं. पण त्या वर्षी तिनं भाजलेला एक राब बघून मी थेट कुदळच उचलली.

तेव्हा मी पीएचडी करत होते, जिवाणूंवर. कोंबड्यांच्या विष्ठेतून मादीचं हार्मोन बाहेर पडतं, पावसाबरोबर ओढ्याला जातं, आणि तिथले नर मासे हळूहळू मादीसारखे व्हायला लागतात. हे हार्मोन खाऊन संपवणारे जिवाणू मातीत असतात, पण सापडायला महाकठीण. मी कुठकुठली माती आणून बघितली. हार्मोन पुढ्यात ठेवलं तरी मेले ढुंकून बघायचे नाहीत. शेवटी सापडले कुठे, तर आमच्याच पोल्ट्रीमागे. बाबा तिथे वर्षानुवर्षं कोंबडखताचा ढीग लावायचे. ढीग विकला गेला होता आणि खाली काळी माती उरली होती.

आणि नेमकी प्रयोगशाळेतल्या माझ्या जिवाणूंच्या सगळ्या बाटल्यांत बुरशी शिरली. सगळं फेकावं लागलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पुन्हा माती आण. या खेपेला जमलं नाही तर विषय बदलावा लागेल." म्हणजे तोवरची सगळी मेहनत पाण्यात. तरी मी निर्धास्त होते. पोल्ट्रीमागच्या त्या काळ्या मातीभोवती मी आधीच खुंट्या ठोकून, सुतळी बांधून ठेवली होती आणि घरी बजावलं होतं, "ही जागा माझी. कोणी हात लावायचा नाय."

आता आमच्याकडे खुंट्या-सुतळी लावलेला चौकोन कशासाठी असतो? रोपासाठीच. आईला वाटलं, पोरीला कॉलेजासाठी तिथं भात पेरायचाय. मी माती न्यायला घरी पोचले, तर चौकोनात नुसती राख.

"आई, हे काय केलंस?"

"काय म्हंजे? तुझा राब भाजला. तू दमून येनार, तू कवा भाजशील? सगल्यात चांगलं शेन तुझ्याच राबाला घातलंय गो."

"अगं, जाळलेस ना सगळे!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "कोन सगले? कोन होतं तिथं?"

"माझे जिवाणू, मातीतले बारीक जीव! त्यांच्यावरच माझं शिक्षण होतं!" मी ओरडले. कुदळ घेतली आणि राखेवर दणादण घाव घालायला लागले. वरची माती विटेसारखी लाल, भाजून कडक झालेली. मी रडत होते, शिव्या देत होते आणि खणत होते. वीतभर खाली गेल्यावर हाताला ओल लागली. काळी, गार माती. आग वर वर गेली होती, खाली झळ पोचली नव्हती. पण इतक्या खोल माझे जिवाणू असतील का, ते देव जाणे. आई पिशवीचं तोंड उघडून धरत होती.

परत गेल्यावर त्या मातीला खायला फक्त हार्मोन दिलं आणि वाट बघत बसले. आईचा फोन यायचा. एरवी तास तास बोलणारी बाई, पण आता एवढंच विचारायची, "जेवलीस का?" मीही कामाच्या काळजीत, म्हणायचे, "हो."

भातलावणी उरकली त्या सुमाराला एका सकाळी यंत्राच्या पडद्यावर हार्मोनची रेघ भुईसपाट दिसली. शेजारची, माती न घातलेली बाटली बघितली. तिच्यातलं हार्मोन जसंच्या तसं. म्हणजे खाणारे जिवंत होते! मी अशी किंचाळले की काच फुटली समजून मॅडम धावत आल्या. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कँटीनमध्ये जाऊन सलग तीन वडापाव हाणले आणि मग घरी फोन लावला.

बाबांनी उचलला. "आईला सांगा, जगलेत ते," मी म्हणाले. त्यांनी मागच्या दारी हाळी दिली. मग आईचं रडणंच कानावर आलं, अगदी मोठ्यानं, हमसून हमसून.

"लावनी केली, समदं केलं," ती म्हणाली, "पन घास गोड लागला नाय गो. वाटायचं, माज्या पोरीचं शिक्षन मी माज्या हातानं भाजलं."

तिनं नाक ओढलं आणि दबकत विचारलं, "किती वाचले?"

"पुरतील इतके, आई."

"तसं नको सांगू. समदे वाचले का?"

वरच्या मातीतले लाखोंनी गेले असणार. "समदे," मी ठोकून दिलं. "एक पन मेला नाय."

तिकडून तिनं सोडलेला श्वास मला स्पष्ट ऐकू आला.