अध्यक्षीणबाईंचे यजमान

लंडनच्या हॅरो भागात शाळेचा हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या आमच्या छोट्या मराठी मंडळाला पहिल्यांदाच बाई अध्यक्ष मिळाली, आणि तिच्याबरोबर तिचे यजमान फुकट मिळाले. बाई लहान मुलांची डॉक्टर. अबोल, कामाला वाघ. यजमान निवृत्त सर्जन. हाताला काम उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोचं अध्यक्षपद चालवायला घेतलं. तिच्या नावाने येणाऱ्या ईमेल हेच लिहायचे, सुभाषितांनी सजवून. कमिटीच्या मीटिंगला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसायचे आणि तिने तोंड उघडलं की म्हणायचे, "तिला असं म्हणायचंय की..."

आम्ही बाराजण शिकलेली माणसं हे निमूट ऐकून घ्यायचो. मी भूल देणारी डॉक्टर. सर्जनांचा तोरा जन्मभर पाहिलेला. तरी मीही गप्पच.

एका रविवारी त्यांनी स्वतःचंच व्याख्यान ठेवलं. विषय : दीडशे वर्षांपूर्वीच्या इथल्या राणीचा जर्मन नवरा. तो राणीची पत्रं वाचायचा, उत्तरांचे मसुदे करायचा, मंत्र्यांशी कसं वागावं ते तिला सांगायचा. हे सगळं अशा थाटात, की जणू सकाळीच त्याच्याशी फोनवर बोलणं झालंय. शेवटी म्हणाले, "तो नसता तर ती राणी शून्य होती!" आणि पहिल्या रांगेतल्या बायकोकडे पाहून हसले. टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या, लाज वाटते.

मागून इथेच जन्मलेली, मोडकंतोडकं मराठी बोलणारी एक मुलगी उठली. "काका, पण लग्नाच्या आधीपण ती क्वीन होती ना? आणि तो गेल्यावर किती वर्ष ती क्वीन राहिला?"

यजमानांनी कागद चाळले. कागदांत राणीचं आयुष्य नवऱ्याबरोबरच संपलं होतं. "ते आपल्या विषयात येत नाही."

"जवळजवळ चाळीस," अध्यक्षीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "बरीचशी रडण्यात गेली. पण राज्य केलं."

हॉल हसला. नंतर कार पार्कमध्ये ते तिच्यावर गुरगुरत होते, "चारचौघांत मध्ये बोलायची काय गरज होती तुला?"

"किल्ली द्या," ती म्हणाली. "आज मी चालवते."

त्या आठवड्यात तिची ईमेल आली. ना सुभाषित, ना अलंकार, दोनच ओळी : मीटिंग मंगळवारी. फक्त कमिटी मेंबर्सनी यावं.

यजमान आले नाहीत. आणि आम्ही बाराजणांनी बाईंच्या धैर्याचं तोंडभरून कौतुक केलं, जणू ते आम्हीच वर्गणी काढून तिला दिलं होतं.